अदृश्य रावी

इ. स. २०१८ च्या एप्रिल महिन्याच्या अठराव्या तारखेस, सौदी अरेबियातील रियाध शहराच्या किंग अब्दुल्ला आर्थिक वसाहतीत, मूळ वाद्यवृंदांच्या मैफलींसाठी योजिलेल्या आणि नंतर चित्रगृहाचे रूप दिलेल्या एका दालनात निमंत्रितांसमोर जो चित्रपट दाखविण्यात आला तो 'ब्लॅक पँथर' होता; आणि ज्या मुलुखात सुमारे पस्तीस वर्षे एकही व्यापारी चित्रगृह चालत नव्हते, तेथे पडदा पुन्हा उजळला, ही वार्ता जगभरच्या वृत्तपत्रांनी ठळक मथळ्यांनी छापली. परंतु या प्रसंगातील मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारी गोष्ट मथळ्यांत नव्हती. हा चित्रपट कोणाच्या चेहऱ्याने सुरू होत नाही, आवाजाने सुरू होतो. एक बालक आपल्या पित्याला गोष्ट सांगण्याची गळ घालते, आणि पिता त्याला आपल्या मूळ भूमीची कथा सांगू लागतो. पडद्यावर त्या कथेची चित्रे तरळत असतात, पण सांगणारा आणि ऐकणारा हे दोघेही अदृश्यच राहतात. ज्या देशाने चित्राविषयी दीर्घकाळ संशय बाळगला आणि उच्चारित शब्दाला मात्र सदैव शिरोधार्य मानले, त्या देशात चित्रपटाचे पुनरागमन एका न दिसणाऱ्या निवेदकाच्या बोटाला धरून व्हावे, हा योगायोग असला तरी फार बोलका योगायोग आहे.

चित्रपटांच्या पूर्वझलकांत, ज्यांना आपण सर्रास ट्रेलर म्हणतो त्यांत, ऐकू येणारे पार्श्वनिवेदन हा या लेखाचा विषय. या निवेदनाला अरबी भाषेत 'तअलीक सौती' असे म्हणतात. 'सौत' म्हणजे आवाज. आणि 'तअलीक' म्हणजे मूळ अर्थाने टांगणे, जोडणे, लटकविणे, व त्यावरून एखाद्या मजकुराला जोडलेले भाष्य. ज्या अरबी धातूपासून हा शब्द निघाला त्याच धातूपासून 'तअल्लुक' हा शब्द निघाला, आणि तोच फारशीच्या मार्गाने आपल्या दफ्तरांत येऊन 'तालुका' झाला: मोठ्या मुलुखाला जोडलेला भाग. इंग्रजीतील 'ट्रेलर' हा शब्दही मागे जोडून ओढत नेलेल्या वस्तूचाच वाचक आहे, कारण या झलका आरंभी चित्रपट संपल्यावर, त्याच्या शेपटीला जोडून दाखवीत असत. प्रेक्षक खेळ संपताच उठून जातात, हे ध्यानी आल्यावर त्या अग्रभागी आल्या. नाव मात्र जुनेच राहिले. अशा रीतीने दोन अगदी भिन्न भाषांनी एकाच व्यवसायातील दोन वस्तूंना 'जोडलेले' याच भावाने नाव द्यावे, यात त्या वस्तूंचे स्वरूपही सांगितले गेले आहे. निवेदन हे चित्राचा अवयव नव्हे. ते बाहेरून येऊन त्याला लटकलेले असते.

आपल्याकडे हा व्यवहार नवा नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कागदावर रंगविलेली रामायण-महाभारतातील चित्रे एकामागून एक श्रोत्यांपुढे धरीत आणि गात-सांगत कथा पुढे नेत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांभरिक खरोलिका' हा जो काचचित्रांचा खेळ सिद्ध केला, त्यातही पडद्यावरील रंगीत प्रतिमेला निवेदनाची व संगीताची जोड होती. म्हणजे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येण्यापूर्वी दोन दशके मराठी माणूस अंधारात बसून, समोरच्या चित्राकडे पाहत, बाजूच्या माणसाचा आवाज ऐकत होता. फरक इतकाच, की चित्रकथी दिसत असे. तो गावचा ओळखीचा असे, त्याच्या घराण्याची माहिती असे, आणि त्याने कथा बिघडविली तर त्याला तसे तोंडावर सांगता येत असे. झलकेतील निवेदकाने प्रथम कोणती गोष्ट टाकली असेल, तर ती हीच ओळख.

या निनावी आवाजाची घडण प्रामुख्याने अमेरिकेत झाली. सुरुवातीच्या बोलक्या झलकांतील निवेदक बातमीपटाच्या थाटात, उच्च स्वरात, घाईघाईने चित्रपटाची थोरवी गाई. १९४१ च्या 'सिटिझन केन'च्या झलकेत ऑर्सन वेल्सने स्वतःला दिसूच दिले नाही. तो केवळ आवाजाने आपल्या नटमंडळींची एकेक करून ओळख करून देतो, आणि नायकाची भूमिका करणारा दिग्दर्शकच पडद्याआड राहिल्यामुळे प्रेक्षकांचे कुतूहल वाढते. पुढे डॉन लाफोंटेन नावाच्या एका ध्वनिमुद्रण-तंत्रज्ञावर, ठरलेला निवेदक वेळेवर न आल्यामुळे, १९६० च्या दशकाच्या मध्यास स्वतःच ध्वनिक्षेपकापुढे उभे राहण्याची पाळी आली. आणि त्या अडचणीतून जी कारकीर्द सुरू झाली तिच्यात, २००८ साली त्याचे निधन होईपर्यंत, त्याने पाच हजारांवर झलकांना आवाज दिला असे सांगितले जाते. 'अशा एका जगात, जेथे…' या अर्थाचा जो आरंभ त्याच्या नावाशी कायमचा निगडित झाला, त्याचे प्रयोजन त्याने स्वतःच स्पष्ट केले होते: प्रेक्षकाला काही क्षणांत त्याच्या खुर्चीतून उचलून कथेच्या जगात नेऊन ठेवावयाचे असते, आणि तेवढ्या अवधीत चित्रे हे काम पुरे करू शकत नाहीत.

त्या गडद, छातीतून आल्यासारख्या वाटणाऱ्या आवाजात निसर्गदत्त देणगी असतेच, परंतु यंत्राचाही वाटा मोठा असतो. दिशाग्राही ध्वनिक्षेपकाच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलले असता आवाजातील खालचे, मंद्र स्वर प्रमाणाबाहेर पुष्ट होतात. त्यानंतर मोठा व हळू उच्चार यांतील अंतर विद्युत्साधनांनी कमी केले, की कुजबुजही गर्जनेइतकीच ठसठशीत ऐकू येते. कानाला त्यामुळे असा भास होतो की बोलणारा अगदी निकट आहे आणि त्याच वेळी प्रचंडही आहे. प्रत्यक्ष व्यवहारात या दोन गोष्टी एकत्र येत नाहीत, कारण कानाशी बोलणारा मनुष्य हळू बोलतो आणि प्रचंड आवाज दुरून येतो. हा विरोधाभासच त्या आवाजाला अधिकार देतो.

चित्रपटाच्या प्रकारानुसार या अधिकाराचे स्वरूप पालटते. भयपटाचा निवेदक फार थोडे बोलतो. १९७५ च्या 'जॉज'च्या झलकेत पर्सी रॉड्रिगेझचा धीरगंभीर स्वर त्या सागरी प्राण्याचे वर्णन एखाद्या पुरातन शापासारखे करतो, तर चारच वर्षांनी आलेल्या 'एलियन'च्या झलकेत निवेदन नाही, संवाद नाही, केवळ अस्वस्थ करणारा ध्वनी आहे. आणि मला असे वाटते, की भयाच्या प्रांतात हे मौनच अखेर विजयी ठरले, कारण सांगणारा कोणी आहे या जाणिवेतच थोडा दिलासा असतो, व भयपटाला तो काढून घ्यावयाचा असतो. विनोदी चित्रपटाचा निवेदक चटपटीत बोलतो. कौटुंबिक कथेत स्वर ऊबदार होतो. ऐतिहासिक कथेत तो सिंहासनावरून बोलल्यासारखा संथ होतो. हे सारे संकेत इतके रूढ झाले, की २००२ साली 'कमेडियन' या माहितीपटाच्या झलकेत हॅल डग्लस या ख्यातनाम निवेदकाकडूनच त्या ठराविक वाक्यांची थट्टा करविण्यात आली. एखाद्या रीतीची तिच्याच पुरोहिताकडून थट्टा होऊ लागली, की तिचे दिवस भरत आले असे समजावे. त्यानंतरच्या वर्षांत परका निवेदक मागे हटला, आणि पात्रांचेच संवाद मूळ प्रसंगातून उचलून इतर दृश्यांवर पसरण्याचा शिरस्ता रूढ झाला.

आता अरबस्तानाकडे वळू. कारण या आवाजाचा खरा कस तेथे लागतो.

अरबी परंपरेत कथन करणाऱ्याला 'रावी' म्हणतात. प्राचीन काळी कवीच्या रचना मुखोद्गत करून पुढे नेणारा तो रावी. आणि पैगंबरांच्या वचनांची परंपरा सांगणाराही रावीच. त्या वचनांच्या संग्रहांत प्रत्येक कथनापूर्वी एक साखळी दिलेली असते: अमुकाने मला सांगितले, त्याला तमुकाने सांगितले, त्याने तमुकाकडून ऐकले. या साखळीला 'इस्नाद' म्हणतात, आणि तिच्यातील एकेका माणसाचे चारित्र्य, स्मरणशक्ती व सचोटी तपासण्याचे स्वतंत्र शास्त्रच पंडितांनी उभारले. आवाज कितीही मधुर असो, बोलणारा कोण आणि त्याने कोणाकडून ऐकले, हे कळल्याविना त्या कथनाला प्रामाण्य मिळत नसे. बखर हा शब्द 'खबर' यावरून वर्णविपर्ययाने आला असे मत आपल्याकडे मांडले गेले आहे. तसे असेल तर आमच्या बखरकारांनी, आपण कोणाच्या आज्ञेवरून व कोणाच्या सांगण्यावरून लिहीत आहोत हे आरंभी नमूद करावे, यात त्याच वृत्तीचा अंश मानावा लागेल. झलकेतील निवेदक हा मात्र इस्नाद नसलेला रावी आहे.

यंत्रातून येणाऱ्या आवाजाविषयी सौदी अरेबियाला प्रथम वाटलेला संशय याच दृष्टीने पाहिला पाहिजे. राजा अब्दुल अझीझ यांच्या कारकिर्दीत बिनतारी यंत्र व दूरध्वनी आले, तेव्हा काही धर्मपंडितांनी त्यांत सैतानाचा हात असल्याची शंका घेतली. आणि राजाने यंत्रातून कुराणपठण ऐकवून, सैतानाच्या मुखातून ही वचने निघतील काय असे विचारून त्यांचे समाधान केले, अशी हकीकत सांगितली जाते. तिचे तपशील वेगवेगळे आढळतात, पण मर्म एकच आहे: न दिसणाऱ्या आवाजाला परवाना मिळाला, तो त्याने काय उच्चारले यावरून. १९४९ साली त्या देशाची नभोवाणी सुरू झाली. सरकारी दूरचित्रवाणी यावयास १९६५ साल उजाडले. आणि तिला झालेला विरोध इतका तीव्र होता, की राजघराण्यातील एका तरुणाचा त्या संघर्षात बळी गेला. कान आणि डोळा यांना मिळालेल्या मुभेत सोळा वर्षांचे अंतर होते.

यापूर्वीच तेलाच्या व्यवहारानिमित्त पूर्व किनाऱ्यावरील धहरान येथे वसलेल्या आराम्को कंपनीने चित्र व आवाज यांचे काही विलक्षण प्रयोग केले होते. १९५६ साली तिच्या पाठबळाने रिचर्ड लायफोर्ड यांनी 'आयलंड ऑफ अल्ला' हा चित्रपट केला. त्यात अरबस्तानाचा इतिहास आणि अब्दुल अझीझ यांचा उदय दाखविला असून, इंग्रजी निवेदन फ्रेडरिक मार्च या अमेरिकी नटाचे आहे. दृश्ये वाळवंटातील, माणसे तेथील, आणि त्यांची कहाणी सांगणारा आवाज मात्र हॉलिवुडचा, हे त्या काळातील माहितीपटांच्या एकंदर व्यवहाराला धरूनच होते. दुसरा प्रयोग मला अधिक मनोरम वाटतो. १९५७ साली कंपनीने धहरान येथे स्वतःचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू केले, आणि त्यावरून अमेरिकी कार्यक्रम अरबी आवाज चढवून दाखविले जात. ज्यांना मूळ इंग्रजी ऐकावयाचे असेल त्यांनी चित्र दूरचित्रवाणीवर पाहावे आणि आवाज रेडिओवर लावावा अशी तजवीज होती. एकाच घडीला, एकाच चित्रावर, शेजारशेजारच्या दोन घरांत दोन भाषा बोलत होत्या. आवाज चित्रापासून अलग करता येतो, ही गोष्ट चित्रपटशास्त्राच्या ग्रंथांतून शिकण्याची धहरानच्या त्या रहिवाशांना गरज नव्हती.

परंतु अरबी आवाज चढवावयाचा म्हणजे कोणती अरबी? येथे निवेदकापुढे असा प्रश्न उभा राहतो, जो इंग्रजी निवेदकाला इतक्या तीव्रतेने कधीच पडला नाही. लिखित, व्याकरणशुद्ध प्रमाण अरबीस 'फुसहा' म्हणतात. ती कोणाचीही मातृभाषा नाही, पण धर्मग्रंथ, वृत्तपत्र, प्रवचन आणि बातमी यांची भाषा तीच. घरात, बाजारात, भांडणात व प्रेमात बोलली जाते ती 'आम्मिया', म्हणजे सामान्यांची बोली, आणि तीही नज्दची निराळी, हिजाझची निराळी, कैरोची तर फारच निराळी. आपल्याकडे पुण्याच्या सभेतील मराठी आणि मालवणच्या बंदरावरील मराठी यांत जे अंतर आहे ते याहून पुष्कळ कमी. त्यामुळे अरबी झलकेत निवेदकाने पहिला शब्द उच्चारताच श्रोत्याला चित्रपटाची जात कळते: फुसहा असेल तर इतिहास, धर्म, माहितीपट किंवा मुलांसाठी संस्कारक्षम म्हणून आणलेले व्यंगचित्र, बोली असेल तर विनोद, कुटुंब, शेजार. इंग्रजी निवेदकाने प्रकार सुचविण्यासाठी स्वराची पट्टी बदलली. अरबी निवेदकाला भाषेची पायरीच बदलावी लागते. डिस्नेचे चित्रपट दीर्घकाळ इजिप्शियन बोलीत ऐकलेल्या पिढीला २०१३ चा 'फ्रोझन' जेव्हा फुसहामध्ये ऐकावा लागला, तेव्हा राजकन्येने प्रवचनकाराच्या भाषेत गावे की नाही याविषयी अरब जगात बराच वाद माजला. तो वाद क्षुल्लक नव्हता. आवाज कोठून बोलत आहे, मशिदीतल्या मिंबरावरून की ओसरीवरून, हा त्यातला मुद्दा होता.

चेहरा आणि आवाज यांची फारकत किती दूर नेता येते याचे उदाहरण २०१२ च्या रमजान महिन्यात दिसले. दुसरे खलिफा उमर यांच्या चरित्रावर एमबीसी या सौदी मालकीच्या वाहिनीने व कतारच्या दूरचित्रवाणीने मिळून काढलेली, हातिम अली यांनी दिग्दर्शित केलेली 'उमर' ही मालिका तेव्हा प्रसारित झाली. उमर यांना पडद्यावर दाखवावेच की नाही यावर मोठा वाद झाला. भूमिका सामेर इस्माईल या नटाने केली, पण तिला आवाज असद खलिफा या दुसऱ्या नटाचा होता. फुसहा बोलणारा परिपक्व कंठ एकाचा आणि देह दुसऱ्याचा. आणि कोट्यवधी श्रोत्यांनी त्या दोहोंना मिळून एक मानले.

चित्रगृहे बंद होती त्या काळात, म्हणजे १९८० च्या दशकाच्या आरंभापासून, चित्रपट पाहणे थांबले होते असे मात्र कोणी समजू नये. ध्वनिचित्रफिती होत्या, उपग्रहवाहिन्या होत्या, आणि १९८६ साली समुद्रावरून बहारीनला जोडणारा पूल झाल्यावर पूर्व प्रांतातील माणसे सुटीत पलीकडे जाऊन चित्रपट पाहून येत. आखातात राबणाऱ्या आपल्या लोकांच्या खोल्यांतही ध्वनिचित्रफितीवरचे हिंदी चित्रपट हाच मोठा विरंगुळा होता. यांपैकी पुष्कळांचे कान अमीन सायानींच्या आवाजावर वाढलेले होते. रेडिओवरील पंधरा मिनिटांच्या प्रायोजित कार्यक्रमांत चित्रपटाचे एकही दृश्य न दाखविता केवळ आवाजावर त्याची उत्कंठा कशी लावावी, याचा वस्तुपाठ त्या थोर निवेदकाने आपल्या देशाला घालून दिला होता. त्या आवाजाला मात्र नाव होते. श्रोते त्याला ओळखत, त्याला पत्रे लिहीत. इस्नाद होती.

याच बंदीच्या काळात हैफा अल् मन्सूर या दिग्दर्शिकेने 'वजदा' केला. २०१२ साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट, संपूर्णतः सौदी अरेबियात चित्रित झालेला पहिला कथापट आणि सौदी स्त्रीने दिग्दर्शित केलेला पहिला कथापट म्हणून ओळखला जातो. रियाधच्या रस्त्यांवर परक्या पुरुषांसमवेत एका स्त्रीने उघडपणे काम करणे त्या वेळी दुर्घट असल्यामुळे, बाहेरच्या अनेक दृश्यांच्या वेळी त्या एका बंद मोटारीत बसून, लहान पडद्यावर दृश्य पाहत, बिनतारी संचावरून नटांना व तंत्रज्ञांना सूचना देत. म्हणजे दिग्दर्शिका स्वतःच अदृश्य आवाज झाली होती. आणि चित्रपटाची कथा काय, तर सायकल विकत घेण्यासाठी पैसे हवे असलेली एक मुलगी कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते. तिच्या मुक्ततेची वाटही तिच्या कंठातूनच जाते. हॉलिवुडच्या झलकांत स्त्रीचा आवाज अपवादानेच ऐकू आला, आणि त्या अन्यायावर २०१३ साली लेक बेल यांनी एक स्वतंत्र चित्रपटच काढला. त्याच्या आदल्याच वर्षी रियाधच्या एका बंद मोटारीतून एका स्त्रीच्या आवाजाने अख्खा चित्रपट घडविला होता, ही गोष्ट मला त्या साऱ्या वादाहून मोठी वाटते.

पुढची पिढी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाढली. २०११ साली रियाधमध्ये स्थापन झालेली 'तेलफाज ११' ही संस्था आणि 'मसामीर' ही व्यंगचित्रमालिका यांनी यूट्यूबवर सौदी बोलीतील विनोदाला विशाल प्रेक्षकवर्ग मिळवून दिला, आणि चित्रगृहे उघडताच हीच मंडळी तेथे आली. 'सत्तार' हा २०२२ चा कुस्तीवरील विनोदपट तेथील तिकीटविक्रीचे विक्रम मोडून गेला, अली कल्थमी यांच्या 'मंदूब'मध्ये रात्री घरोघर माल पोहोचविणारा रियाधचा तरुण नायक झाला. यांच्या झलकांत परका, भारदस्त निवेदक शोधू जाल तर बहुधा सापडणार नाही. जगातील इतर झलकांप्रमाणे येथेही पात्रे स्वतःच बोलतात, आणि ती आपल्या गल्लीच्या भाषेत बोलतात. फ्रेडरिक मार्चच्या कंठातून आपली कहाणी ऐकलेल्या देशाच्या बाबतीत हा पालट मी निःसंशय प्रगती मानतो.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक प्रसंग याच संदर्भात सांगण्यासारखा आहे. चित्रगृहे उघडल्यानंतर सौदी अरेबियात प्रदर्शित झालेला पहिला भारतीय चित्रपट म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, तो जून २०१८ मधील रजनीकांत यांचा तमिळ 'काला'. त्याची कथा आपल्या मुंबईतील धारावीची; खलनायक नाना पाटेकर; एका महत्त्वाच्या भूमिकेत अंजली पाटील. आणि हा चित्रपटही रेखाचित्रांवर चढविलेल्या निवेदनाने सुरू होतो: भूमी, तिच्यासाठी झालेले संघर्ष आणि तिच्यावाचून राहिलेली माणसे यांची कथा एक आवाज सांगतो, आणि मग धारावी दिसते.

त्याच जून महिन्यात, ईदच्या सुमारास, सौदी चित्रगृहांत आणखी एक चित्रपट लागला. मुस्तफा अक्काद यांचा 'द मेसेज' १९७६ साली तयार झाला होता. इंग्रजीत अँथनी क्विन आणि अरबीत अब्दुल्ला गैस यांना हमजाच्या भूमिकेत घेऊन, एकच कथा दोन भाषांत दोनदा चित्रित केलेला हा चित्रपट पैगंबरांच्या चरित्रावर आहे. आणि धर्ममर्यादेस अनुसरून त्यात पैगंबर दिसत नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. इतर पात्रे थेट कॅमेऱ्याकडे पाहून त्यांच्याशी बोलतात, क्षणभर थांबतात, आणि मग त्यांनी काय सांगितले ते आपल्या तोंडाने सांगतात. येथे पडद्यावरचे प्रत्येक पात्र रावी झाले आहे, आणि प्रत्येकाची इस्नाद प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत पुरी होते, कारण ज्याच्याकडून त्याने ऐकले ती जागा प्रेक्षक स्वतः पाहत असतो. ज्या देशातील मक्का व मदिना या नगरींची ही कथा, त्या देशात तो दाखविला जाण्यास बेचाळीस वर्षे लागली. आणि तो दाखविला गेला तेव्हाही त्या सुमारे तीन तासांत मुख्य आवाजाची जागा, दिग्दर्शकाने ठेविली होती तशीच, रिकामी होती.